शेवंताची गुंडी

हे मी बायकोलाही कधी सांगितलं नाही. निवृत्तीच्या सत्कारात लोक माझ्या शिस्तीचे गोडवे गात होते, तेव्हा जीभ नुसती वळवळली — आणि गप्प बसली.

सत्तरच्या दशकाची सुरुवात असेल. हिंगणघाटजवळच्या एका खेड्यात मी चौथीचा गुरुजी होतो. मुख्याध्यापकाची जागा रिकामी झाली होती आणि मला ती हवी होती — अगदी हावरटासारखी. तपासणीला येणारे साहेब वर्ग बघून शिफारस करणार होते. मग वर्ग चकचकीत दिसायला नको? सगळेच मास्तर करायचे तेच मी केलं. कच्च्या मुलांना सांगितलं, उद्या येऊ नका.

त्यांत शेवंता होती. वाचताना पहिल्याच ओळीत तिची गाडी अडायची. पण आमच्याकडे शाळेत सूतकताईचा तास असे, आणि टकळीवर तिच्यासारखं सूत कोणी काढत नसे.

तपासणीच्या सकाळी ती आलीच. केसांना चापूनचोपून तेल, धुतलेलं परकर-झंपर. दारात उभी राहून म्हणाली, "गुरुजी, मांगं बसू द्या ना. तोंड उघडनार नाई."

मी तिला समजावून — नाही, हाकललं. हाकललंच.

आणि मग साहेबांपुढे सुताची गुंडी ठेवली ती कोणाची? तिचीच. तलम, एकसारखी. साहेबांनी विचारलं, कोणी कातली? नाव घेतलं असतं तर ते म्हणाले असते, बोलवा तिला. मी म्हणालो, आमचा सगळा वर्गच असं काततो. साहेब खूश झाले. जागा मला मिळाली.

शेवंता पुन्हा शाळेत आली नाही. तिचं घर शाळेच्या मागेच होतं. बोलवायला जाणं काही अवघड होतं का? गेलो नाही. ती समोर दिसली की मला लाज वाटली असती, म्हणून गेलो नाही.

पुढे ऐंशीनंतर कधीतरी ती आपल्या मुलीचं नाव घालायला आली. मी मुख्याध्यापकाच्या खुर्चीत. तिनं वाकून नमस्कार केला, मुलीलाही करायला लावला. निघताना थांबली.

"गुरुजी, तपासनीच्या दिवशी इले घरीच ठेवू ना?"

टोमणा नव्हता हो. शाळेचा तसा नियमच असतो असं समजून ती विचारत होती.

"रोज पाठव," एवढंच मी म्हणालो. गुंडीचं तिला आजवर सांगितलेलं नाही.