चढलं नाई

मी गाव सोडलं त्या सकाळी बंडी जुंपलेली होती, माझी पेटी वर चढवलेली होती आणि माय माझ्या ओटीत तांदूळ घालत होती. हिंगणघाटचं स्टेशन आमच्या गावापासून तीन कोस. मद्रासकडे जाणारी गाडी तिथं जेमतेम दोन मिनिटं थांबायची. आमच्या ह्यांना काझीपेठला रेल्वेचं क्वार्टर मिळालं होतं आणि हे नागपूरहून त्याच गाडीत बसून येणार होते. मला जायची इतकी घाई झाली होती की आज आठवलं तरी लाज वाटते.

वसंताभाऊ, माझा थोरला भाऊ, मला स्टेशनवर पोचवणार होता. बैलांसाठी कडबा घ्यायला तो गंजीकडे गेला आणि पाय झटकत परत आला.

"पायाले कायतरी चावलं," म्हणाला.

घोट्याजवळ दोन बारीक टिपके. मायच्या हातातले तांदूळ खाली सांडले. आमच्याकडे अशा वेळी निंबाचा पाला चावायला देतात. कडू लागला तर जीव वाचला. कडू लागला नाही तर समजायचं, विष चढलं. माय धावत गेली आणि मूठभर पाला ओरबाडून घेऊन आली.

"कडू लागते का रे?"

"कडू जहर हाय. चढलं नाई, माय. मुंगळा असंल. चाल वं शांते, गाडी काय तुह्यासाठी थांबून राह्यली?"

मायने देवाला हात जोडले. पण मी पाहिलं होतं. पाडव्याला निंबाची दोन पानं खायची म्हटलं की भाऊ अंगणभर पळायचा, आम्ही दोघी त्याला धरून आणायचो. त्याच भावाने मूठभर पाला फुटाण्यासारखा चावून खाल्ला आणि तोंड जरासुद्धा वाकडं केलं नाही. हे मी पाहिलं आणि गुपचूप बंडीत चढून बसले.

अर्ध्या वाटेवर त्याची जीभ जड झाली. "झोप नाई झाली का रे?" मी विचारलं. तो नुसता हसला. स्टेशनवर त्याच्या पापण्या वर राहत नव्हत्या. मला वाटलं, रडू दाबून राह्यला. खरं सांगू? मला तसं वाटून घ्यायचं होतं. गाडी आली तशी त्याने पेटी डब्यात ढकलली. "चढ बाई, चढ लवकर. पोचल्यावर लिवजो."

चौथ्या दिवशी पत्र आलं. बैल बंडी घेऊन आपसूक घरी आले होते आणि रोजच्या जागी उभे राहिले होते. आत भाऊ निजला आहे असं समजून माय त्याच्यावर पांघरूण घालायला गेली.

मी दिवसांनाही गेले नाही. कोणत्या तोंडाने जाणार?

काझीपेठला मी तेलुगू शिकले. पहिलाच शब्द कानावर पडला तो 'एक्कु', म्हणजे चढ. झाडावर एक्कु, गाडीत एक्कु. बरं वाटलं, एक तरी शब्द आपल्याला आला. मग एकदा लाइनीतल्या एका बाईला विंचू चावला आणि सगळे तिला घेरून विचारायला लागले, "विषम् एक्किंदा?" मी घरात पळाले आणि दार लावून बसले. आमच्या हिंगणघाटच्या बाजारातले हिंदीवालेही 'जहर चढ़ गया'च म्हणायचे. मी ह्यांना विचारलं, इंग्रजीत काय म्हणतात? हे हसून म्हणाले, इंग्रजीत गाडीला वेगळा शब्द आणि विषाला वेगळा. मला ती भाषा फार सोयीची वाटली, पण ती मला येत नव्हती.

पहिल्याच उगादीला, म्हणजे आपल्या पाडव्याला, शेजारच्या रंगम्माने वाटीतून पच्चडी आणली. चिंच, गूळ, कैरी आणि निंबाची फुलं. तिच्या पोरांनी तोंडं वाकडी केली. मला कडू काही लागलंच नाही. मला वाटलं, गुळामुळे असेल. दुपारी क्वार्टरमागच्या निंबाचा कोवळा पाला तोडून खाल्ला. मग जून पाला खाल्ला, मग काडी चावली. नुसतं गवत लागत होतं. माझ्या पायाला काही चावलं नव्हतं, तरी मी घोटे तपासून पाहिले. हे मी कोणालाच सांगितलं नाही.

असे तीन पाडवे गेले. चौथ्याला मी धीर करून गावी गेले. तोवर आमचा जिल्हा मध्यप्रदेशातून मुंबई राज्यात गेला होता. माय मात्र त्याच ओसरीवर होती. तिने माझ्या हातावर पाला ठेवला, थोडा आपल्या तोंडात टाकला आणि माझ्याकडे बघत राहिली.

"कडू लागते का, शांते?"

माझ्या तोंडात गवत होतं. "कडू जहर हाय, माय," मी म्हणाले. "अन् तुले?"

"मलेबी."

ती हळूहळू चावत होती. तोंडावरची एक रेघ हलत नव्हती. तेव्हा मला कळलं, त्या सकाळी भावाचं तोंड मायनेही पाहिलं होतं.

आम्ही त्याबद्दल बोललो नाही, अजूनही बोलत नाही. पण पाडवा आला की मी गाडीत चढते आणि गावी जाते. काझीपेठला माझी माणसं आहेत, दारात तुळस आहे, ह्यांच्या नावाची पाटी आहे. तरी घर विचाराल तर मी ते अंगण सांगेन. तिथं मला कोणीतरी तो प्रश्न विचारतं आणि माझं उत्तर खरं मानल्यासारखं करतं. पाला संपला की माय तोंड पुसते.

"चढलं नाई ना? मंग झालं तर," म्हणते आणि आम्ही जेवायला बसतो.