नाव न घेता

देव आहे की नाही, यावर मी कधी फार डोकं शिणवलं नाही. माझी शंका वेगळीच होती. देव असला, तरी आपण काही चुकीचं बोललो तर त्याला कळतं का? ही शंका मला वडिलांमुळे लागली. कोकणातल्या आमच्या छोट्याशा सिनेगॉगमध्ये ते हझान होते, म्हणजे प्रार्थना चालवणारे. आम्ही बेने इस्राएल, मराठी बोलणारे ज्यू. शनिवारी घाणा बंद ठेवायचो म्हणून गाव आम्हाला ‘शनवार तेली’ म्हणायचं. आमच्या धर्मग्रंथाची, तोराची, चामड्यावर हाताने लिहिलेली गुंडाळी वडील उलगडायचे तेव्हा मी शेजारी उभी असायची. ते म्हणायचे, “यातलं एक अक्षर जरी पुसलं गेलं, तरी सगळी गुंडाळी बाद. वाचायला चालत नाही. आणि जगातल्या प्रत्येक जिवाचं एक अक्षर यात आहे बरं का.” माझं कोणतं, असं विचारलं की नुसते हसायचे. पण एक अक्षर चुकलं की सगळं गेलं, ही धास्ती तेव्हापासून मनात बसली ती बसलीच.

लग्न होऊन लंडनला एजवेअरमध्ये आले, तरी ती गेली नाही. इथे आमची गंमतच आहे. रस्त्याच्या एका बाजूला ज्यूंच्या बेगलचं, म्हणजे गोल पावांचं, दुकान, दुसऱ्या बाजूला अळूची पानं आणि कढीपत्ता. बेगलवाल्या बाजूचे लोक विचारतात, तुम्ही ज्यू कधी झालात? कढीपत्त्याच्या बाजूच्या मैत्रिणी दर डिसेंबरला प्रेमाने ख्रिसमसच्या शुभेच्छा देतात. दोघांनाही समजावून मी थकले. रविवारी जवळच्या स्टॅनमोरला मुलांना मराठी शिकवते आणि ‘तो पुस्तक’ ऐकलं की माझ्या कपाळावर आठी पडते. आमचा जावई एझ्रा लीड्समध्ये जन्मला, वाढला. मुलगा लाखात एक, पण त्याच्या मराठीत चहा ‘ती’ आणि खुर्ची ‘तो’. दर वाक्याला मी त्याला दुरुस्त करते. मिरियम, माझी एकुलती एक मुलगी, हसून म्हणायची, “आई, त्याला आधी घोटभर चहा पिऊ दे, मग व्याकरण शिकव.”

गेल्या हिवाळ्यात मिरियमला लीड्सच्या हॉस्पिटलमध्ये मुलगी झाली. दुसऱ्या आठवड्यात जायचं म्हणून मी डिंकाचे लाडू वळत होते. शुक्रवारी सकाळी एझ्राचा फोन आला. तो इंग्रजीतच बोलला, तेव्हाच मी हातातला लाडू परातीत ठेवला. बाळ सुखरूप होतं, पण मिरियमचं ब्लीडिंग थांबत नव्हतं. एकदा ऑपरेशन झालं होतं, रक्त चढवत होते, आणि तरी थांबत नव्हतं. “आई, कम. प्लीज कम नाउ,” एवढंच तो शेवटी म्हणाला. ह्यांच्या गुडघ्याचं नुकतंच ऑपरेशन झालेलं. काठी टेकत हे दारापर्यंत आले आणि म्हणाले, “तू हो पुढे. मी सिनेगॉगमध्ये जाऊन तिच्या नावाची प्रार्थना करवतो.” लाडवांचं परातीतलं सारण तसंच टाकून मी निघाले.

ट्रेन डॉनकास्टरला थांबली आणि थांबूनच राहिली. पुढे ओव्हरहेड वायर तुटली होती. शेवटी सगळ्यांना खाली उतरवलं. रेल रिप्लेसमेंट बस येणार म्हणत होते, पण कधी, ते सांगत नव्हते. टॅक्सीची रांग स्टेशनच्या बाहेर वळून गेली होती. हिवाळ्यातली दुपार, म्हणता म्हणता अंधारून आलं. वारा असा की डोळ्यांतलं पाणी गालावर थिजावं. एझ्राचा मेसेज आला: तिला परत ऑपरेशनला आत न्यायचं म्हणतायत. मी रांगेतल्या लोकांना विनवायला लागले, “माय डॉटर, हॉस्पिटल, लीड्स,” आणि लोक हळहळत होते, पण त्यांच्याही हातात काही नव्हतं. मला वाटलं, आता मी पोचेन ती कशासाठी पोचेन? हा विचार मनात आला. मी बॅगेवर मटकन बसले.

“लीड्सला ना? चल. माझी गाडी तिकडेच चाललीय,” असं कुणीतरी डोक्यावरून इंग्रजीत म्हणालं. बोलण्यात यॉर्कशरचा असा जाड हेल की मला पहिल्यांदा समजलंच नाही. एक म्हातारा उभा होता. डोक्यावर चपटी टोपी, अंगात जुनाट कोट, नाक थंडीने लालबुंद. कुणाला तरी घ्यायला आला होता, ते माणूस आलंच नव्हतं. एरवी मी परक्या पुरुषाच्या गाडीत बसले नसते. मुलीलाही आयुष्यभर तेच बजावत आले. पण त्या दिवशी मी बॅग उचलून त्याच्या मागे चालत गेले. गाडीला ओल्या कुत्र्याचा वास येत होता. त्याने काहीच विचारलं नाही. फक्त हीटर माझ्याकडे वळवला.

मोटरवेला लागलो आणि ह्यांचा फोन आला. इथून पुढचं सांगायचं तर आमची एक रीत सांगावी लागेल. आमच्यात एरवी सगळीकडे बापाचं नाव लागतं. पण आजारी माणसासाठी प्रार्थना करायची तर आईचं नाव घेतात. अमक्या आईची अमकी लेक, तिला बरं कर, असं. दुखण्यात बापाला कोण विचारतो! आणि माझी नावं दोन. वडिलांनी ठेवलेलं हिब्रू नाव नेमकं सासूबाईंचंही होतं. एका घरात एका नावाच्या दोघी कशा चालतील, म्हणून कोकणातल्या चालीप्रमाणे लग्नात माझं नाव बदललं, आणि सासूबाईंनी हौसेने चक्क एका फुलाचं नाव ठेवलं. हे मला जन्मभर त्याच नावाने हाक मारत आले.

“अगं, झालं,” हे म्हणाले. “नाव दिलं मी. सिनेगॉगचा वॉर्डन जरा गोंधळला, असं नाव त्याने कधी ऐकलं नव्हतं म्हणे, पण घेतलं त्याने.”

“कोणतं नाव दिलंत?”

“तुझंच की.”

“अहो, कोणतं?”

मग अगदी बारीक आवाजात ह्यांनी ते फुलाचं नाव सांगितलं.

माझा तोल गेला. लाज सोडून मी मराठीत ओरडले. “अहो, ते नाव तुमच्या आईने ठेवलेलं! देवापुढे मी त्या नावाने कधी उभी राहिले का? त्याला काय कळणार कुणाची मिरियम ते? जा, आत जा आणि बरोबर नाव सांगा!” हे म्हणाले, “प्रार्थना सुरू झालीय गं, आता मध्येच कसं बोलू?” मी म्हणाले, “बोला! आपली पोर मरतेय आणि तुम्हाला रीतभात सुचते?” ह्यांचा हुंदका ऐकू आला आणि फोन कट झाला. परत लावला, लागला नाही. पुढे रस्त्याचं काम चाललं होतं. लाल दिव्यांची रांगच्या रांग उभी होती आणि आमची गाडी मुंगीच्या पावलाने सरकत होती. पत्ता चुकलेलं पार्सल जसं कुठल्या तरी डेपोत पडून राहतं, तशी माझ्या लेकीसाठीची प्रार्थना कुठेतरी पडून राहणार, असं मला वाटत होतं. सगळं बरोबर करत आले मी जन्मभर, आणि नेमकं आज हे अक्षर चुकलं. एझ्राचा मेसेज आला: आत नेलं. मी मुठी आवळून बरोबर नाव घेत प्रार्थना म्हणायचा प्रयत्न करत होते आणि भीतीने मला एकही ओळ पुरती आठवत नव्हती.

तेवढ्यात म्हातारा बोलला. समोर बघतच बोलला, हवापाण्याविषयी बोलावं तसा. “मोझेसची बहीण आजारी पडली होती ना, तेव्हा त्याने तिच्यासाठी देवाला साकडं घातलं. अगदी इवलीशी प्रार्थना. त्यात तिचं नावसुद्धा घेतलं नाही बघ त्याने. नुसतं ‘तिला’ म्हणाला. वरच्याला कळलं की बरोबर.” आणि त्याने गिअर टाकला.

मोझेस म्हणजे आमचा मोशे. आणि मोशेच्या बहिणीचं नाव मिरियम. मी वळून त्याच्याकडे बघितलं. मी त्याला लेकीचं नाव सांगितलं नव्हतं. आम्ही कोण, काय, तेही नाही, आणि नावावरून झालेलं भांडण तर सगळं मराठीतलं. नंतर हे म्हणाले, फोनवर तू ‘मिरियम’ म्हणून ओरडलीस ते त्याने ऐकलं असेल. तिकडच्या जुन्या चर्चवाल्यांना बायबल तोंडपाठ असतं. असेलही. मी वाद घालत नाही. मला एवढंच माहीत आहे, की त्या क्षणी मला माझे वडील बोलल्यासारखे वाटले. कारण एका अक्षराने गुंडाळी बाद होते, हे सांगून ते थांबत नसत. पुढे आणखी सांगत, आणि तेच मी विसरून गेले होते. ते म्हणायचे, “तोरा जगाच्याही आधी लिहिली गेली, पांढऱ्या जाळावर काळ्या जाळाने. काळं ते अक्षर, ते आपण वाचतो. मधलं पांढरं तेही तोराच, पण ते वाचता येत नाही. ते त्याचं त्याला ठाऊक. म्हणून तर प्रत्येक अक्षराच्या चारी बाजूंना कोरी जागा लागते. दोन अक्षरं एकमेकांना चिकटली, तरी गुंडाळी बाद.” इतकी वर्षं मी काळ्या अक्षरांना घट्ट धरून बसले होते. कोऱ्या जागेची मला भीतीच वाटायची.

मी मुठी सोडल्या. नखांचे वण उठले होते हातावर. मी ना माझं नाव घेतलं, ना तिचं. मोशेची ती एवढीशी प्रार्थनासुद्धा मला हिब्रूत आठवेना, म्हणून मी मराठीतच म्हणाले, “देवा, तिला बरं कर. आणि नाही केलंस, तर... तीसुद्धा तुझीच आहे.” हे दुसरं वाक्य माझ्या तोंडून कसं गेलं, मला माहीत नाही. कुठल्याच आईला ते म्हणवत नाही. म्हटलं आणि मी ढसाढसा रडले. म्हाताऱ्याने डॅशबोर्डवरचा टिश्यूंचा चुरगळलेला बॉक्स माझ्याकडे सरकवला. पुढची गाडी हलली. मग आमचीही हलली.

हॉस्पिटलच्या दाराशी त्याने मला उतरवलं आणि मी पळत सुटले. रिसेप्शनवरच्या बाईने विचारलं, “युअर नेम?” मी म्हणाले, “मिरियम्स मदर.” वर एझ्रा कॉरिडॉरमध्ये भिंतीला टेकून जमिनीवर बसला होता. मी त्याच्याशेजारी बसले. मला वाटलं होतं, आता मन शांत होईल. तसं काही झालं नाही. दार उघडलं की मी उठून उभी राहायचे. फक्त एवढं, की त्या भीतीत मी एकटी नव्हते. एझ्राचा हात हातात घेऊन मी बसून राहिले, आणि ‘तिला, तिला’ एवढंच आत चालू राहिलं. शेवटी एक डॉक्टर बाहेर आली, एझ्राला बाजूला घेऊन काहीतरी बोलली. मला तिथून ऐकू येईना. मी त्याच्या पाठीकडे बघत होते. त्याची पाठ गदगदायला लागली आणि मी डोळे मिटले.

“आई!” तो ओरडला. “ब्लीडिंग थांबला! मिरियम वाचला, आई! मिरियम वाचला!”

इतकं चुकीचं आणि इतकं गोड मराठी मी उभ्या जन्मात ऐकलं नव्हतं.

हे सगळं निवळल्यावर माझ्या ध्यानात आलं, की त्या म्हाताऱ्याचं नाव विचारायचं राहून गेलं. आभारसुद्धा मानले नव्हते. अख्खा रस्ता मी नावावरून भांडत होते, आणि ज्याने मला पोचवलं त्याचं नाव मला माहीत नाही! आमच्यात म्हणतात, एलियाहू हनाबी हा संदेष्टा कधी मेलाच नाही. तो अजून फिरतो, कुठल्याही वेषात येतो, नडलेल्याला हात देतो, आणि गेल्यावर कळतं. तो हाच, असं मी म्हणणार नाही. ओल्या कुत्र्याचा वास येणारी गाडी एलियाहूची असेल का, असं हे मला चिडवतात. मी म्हणते, कुत्रा पाळायला त्याला कुणी बंदी केलीय?

मिरियम घरी आली, हिंडूफिरू लागली, तेव्हा आम्ही लीड्सलाच मलिदा केला. नवस फेडताना किंवा आनंदाच्या वेळी आमच्याकडे एलियाहूच्या नावाने करतात तो मलिदा, म्हणजे भिजवलेले पोहे, साखर, ओलं खोबरं, वेलची आणि वर फळं. ह्यांनी आशीर्वाद म्हटले. बाळ मिरियमच्या मांडीवर होतं. ह्यांच्या तोंडून पुन्हा माझं ते फुलाचंच नाव आलं, आणि हे चपापून माझ्याकडे बघायला लागले. मी म्हणाले, “असू द्या. पोचलं.” आता रविवारच्या वर्गात मुलं चुकली तर मी दुरुस्त करते, ते कामच आहे माझं, पण आधी त्यांना बोलू देते. आपण बोलतो ते अपुरंच असतं. उरलेलं वरचा आपल्या कोऱ्या जागेतून वाचून घेतो, एवढं मला त्या रस्त्यावर कळलं.

सगळ्यांना मलिदा वाढून झाल्यावर मी एक वाटी भरून बाजूला ठेवली.

“आई, हा वाटी कोणाचा?” एझ्राने विचारलं.

“त्याची,” मी म्हणाले.