हिरड्याचे हात

माझी नात कोमल नळाखाली विटेच्या तुकड्याने हात घासत होती. तिचा आठवीचा वर्ग प्रार्थनेच्या रांगेत तसाच उभा होता आणि बघत होता. तिचे वर्गशिक्षक कमरेवर हात ठेवून म्हणत होते, "घास. काळं निघेपर्यंत वर्गात पाऊल टाकायचं नाही."

पोरं हसत होती. पुढच्या रांगेत एक मुलगी उभी होती, तिच्या हातावर कोपरापर्यंत मेंदी. कुणाच्या तरी लग्नाची. तीही हसत होती.

मी त्या दिवशी पालकसभेला आले होते. फाटकातून आत शिरले आणि पहिलं हे दिसलं.

आमचं गाव आंबेगाव तालुक्याच्या डोंगरात, अगदी पश्चिमेला. पावसाळ्यात भात, नाचणी. उन्हाळ्यात हिरडा. हिरड्याची कोवळी हिरवी फळं तोडायची, उन्हात वाळवायची, औषधासाठी ती विकली जातात. त्या फळाच्या रसाने हात काळे पडतात. साबण लावा, राख लावा, निघत नाही. कातडी बदलते तेव्हाच जातं. उन्हाळ्यात आमच्या गावात गोऱ्या हाताचं माणूस दिसलं तर ते पाहुणं समजायचं.

गावातली शाळा सातवीपर्यंत. तिथले मास्तर सुट्टीत आमच्याबरोबर हिरडा तोडायला यायचे. त्यांचेही हात काळे. आठवीपासून पोरांना खाली उतरावं लागतं, घोडेगावच्या वाटेवरच्या मोठ्या शाळेत. एसटीने जायचं, एसटीने यायचं.

कोमल सातवीपर्यंत तोंडाळ होती. आठवीत गेली आणि मुकी झाली. उन्हाळा लागला तशी हात ओढणीत लपवायला लागली. लिंबू चोळायची, मग चिंच, मग पुन्हा लिंबू. मी म्हणायचे, "काय गं, तुला बघायला पावणं येणार हायत का?" ती ओढणी आणखी पुढे ओढायची. मला वाटलं, वय आहे. आईबाप नारायणगावच्या बाजूला मजुरीला, पोर माझ्याजवळ. या वयात पोरी आरशापुढे बसतात, एवढंच मला माहीत.

नळापाशी गेले तेव्हा कळलं.

सर माझ्याकडे वळले. "तुम्ही कोण?"

"तिची आजी."

"हात दाखवा."

मी दाखवले. का दाखवले, मला आजही सांगता येणार नाही. सर म्हणाले हात दाखवा, मी दाखवले. लहानपणी चौथीपर्यंत हेच शिकले होते.

"हे बघा," सर सभेला आलेल्या बाकीच्या पालकांना म्हणाले. "घरातूनच सुरुवात आहे." कुणीतरी हसलं. "आजी, सभेत चांगल्या घरची माणसं बसणार आहेत. जरा स्वच्छ होऊन या. तो काय नळ."

मी गेले. डोक्यात एकच होतं, सरांचं ऐकलं तर पोरीचा त्रास कमी होईल. कोमलच्या हातातला विटेचा तुकडा घेतला आणि घासायला लागले. ती बाजूला उभी. तिच्या तळव्याची सालं निघाली होती. माझी निघायला वेळ लागला, कातडी जाड आहे. काळं निघालं नाही. रक्त निघालं.

पालकांतल्या एका बाईने मोबाईल वर धरला होता.

मग सभा झाली. मी शेवटच्या रांगेत, पदरात हात गुंडाळून. सर सांगत होते, "या वयात मुलं नाजूक असतात. शरीर बदलतं, मन बदलतं. त्यांना आधार लागतो. पालकांनी पाठीशी उभं राहायला हवं." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. माझे हात पदरात होते.

संध्याकाळी घरच्या मोबाईलवर फोटो आला. अभ्यास येतो त्याच वर्गाच्या ग्रुपवर. मी आणि कोमल नळाखाली, वाकलेल्या. खाली लिहिलं होतं, 'डोंगरातलं स्वच्छता अभियान.' त्याखाली हसरी तोंडं. एक सरांचंही होतं.

कोमलने मोबाईल उपडा ठेवला. "मी उद्यापासून जाणार न्हाई."

"सरांचं काय मनाला लावून घेती."

"सरांचं न्हाई." तिने पहिल्यांदा माझ्या तोंडाकडे बघितलं. "तू का घासलंस?"

मी चुलीतलं लाकूड पुढे सरकवलं.

"मला वाटलं, तू आलीस. आता तू कायतरी बोलशील. तू माझ्या हातातली ईट घेतलीस आन घासायला लागलीस. म्हंजी सर खरंच बोलत व्हते."

मला आयुष्यात पुष्कळ माणसं लागेल असं बोलली. मी त्यांना परत बोलले. ही पोर मात्र खरं बोलली होती. शाळेने तिला घाण म्हटलं आणि त्यावर सही मी केली होती.

पहाटे मी हिरड्याच्या झाडाखाली गेले. सोललेल्या हातांनी फळं वेचली. रस जखमेत गेला, डोळ्यांतून पाणी आलं, पण हात परत काळे झाले. घरी येऊन म्हटलं, "मी शाळेत चाललीय. तुला यायचं तर ये."

ती आली. एसटीत माझ्यापासून लांब बसली.

सर म्हणाले, "आजी, आज सभा नाही."

"ठावं हाय. हिचे हात काळे हायत, माझेबी हायत. ते आसंच ऱ्हाणार. पुन्हा ईट दिलीत तर ती आधी तुमच्या हाताला लावीन."

"धमकी देता?"

"व्हय."

मुख्याध्यापकांच्या खोलीत नेलं. ते गोड माणूस. म्हणाले, "गैरसमज झालाय. शिस्त सगळ्यांना सारखी असते."

"मग त्या मेंदीवाल्या पोरीला का न्हाई घासाया लावलं? तिचेबी हात रंगलेलेच व्हते."

त्यांनी समोरची फाईल मिटली. मग म्हणाले, "तुम्ही किती शिकलात, आजी?"

"चौथी."

"मग शाळा आम्हाला चालवू द्या. पटत नसेल तर मुलीचा दाखला घेऊन जा."

सरांनी दारात उभ्या असलेल्या कोमलला विचारलं, "काय गं, देऊ दाखला?"

तिने ओढणीतून हात बाहेर काढले. तळवे सुजले होते. पेन धरता येणार नव्हता आणि परीक्षा तोंडावर होती. "नको," ती म्हणाली. "मला वर्गात बसायचंय."

माफी कुणी मागितली नाही. फोटो ग्रुपवर तसाच आहे. त्या दिवसापासून तिला शेवटच्या बाकावर बसवलं, एकटीला. पोरी तिच्याशी बोलत नाहीत. परीक्षेत तिचं अक्षर वेडंवाकडं आलं, सरांनी तेही वर्गापुढे धरून दाखवलं. ती रडली नाही. घरी येऊन हिरडा तोडायला आली.

मी आता रोज तिच्याबरोबर उतरते आणि नळापाशी बसते. शाळा सुटेपर्यंत. शिपाई दोनदा उठवायला आला. म्हणाला, "मावशे, सायेब मला बोलत्यात, राव. हितं बसायचं काम न्हाई." मी म्हटलं, "मग त्यांना सांग, मला उचलून न्या." तो गेला. वर्गातून निघालेली पोरं माझ्या हातांकडे बघतात. मी हात मांडीवर उताणे ठेवते. बघू देत.

सुट्टीनंतर नववी लागेल, मग दहावी. तेवढं बसेन. मी मेले तर तिची आई येऊन बसेल, तिला तसं सांगून ठेवलंय.

नळापाशीच पडलेला विटेचा तो तुकडा आता माझ्या पिशवीत आहे. सरांना हवा असेल तर त्यांनी नळापाशी यावं आणि माझ्याकडे मागावा.