द्वारकेत लुटलेलं सोनं

पासपोर्ट न काढता परदेशी गेलेली आमच्या घरातली मी पहिली. निजामुद्दीनची गाडी कराडला जेमतेम थांबायची, तेवढ्यात मी, एक ट्रंक, एक होल्डॉल आणि आईने दिलेला भाजणीचा डबा असे चौघे आत चढलो. सगळ्यांचे बाप फलाटावरून 'सांभाळून राहा' म्हणतात. माझे बाबा खिडकीशी येऊन म्हणाले, "दिवाळीपर्यंत बघू. नोकरी पक्की झाली तर राहा. नाही तर परत ये. काकाच्या झेरॉक्सच्या दुकानात माणूस पाहिजेच आहे."

गाडी हलली. मागे झेरॉक्स, पुढे दिल्ली. मी दिल्लीकडे तोंड करून बसले.

ही नव्वदच्या दशकातली गोष्ट. देश नुकताच उघडला होता. कराडच्या स्टँडवर परदेशी शीतपेयं आली होती आणि दिल्लीभोवती नवी उपनगरं उगवत होती. तिथल्या एका शाळेला इंग्रजीची साहाय्यक शिक्षिका हवी होती. मी इंग्रजी घेऊन बी.ए. झालेली, वय बावीस, आत्मविश्वास अफाट आणि निराधार. मुलाखत एसटीडी बूथवरून झाली. पलीकडून मुख्याध्यापिकाबाईंनी विचारलं, "बॉम्बे?" मीटर पळत होता, भूगोल समजावायला वेळ नव्हता. मी म्हटलं, "नियर बॉम्बे." त्यातला 'नियर' वाटेत कुठेतरी, बहुधा भोपाळच्या आसपास, गळून पडला.

निजामुद्दीनला उतरून रिक्षावाल्याला म्हटलं, "द्वारका."

"द्वारका तो गुजरात में है, बहनजी."

मी कागदावरचा पत्ता दाखवला. त्याने तो उलटसुलट करून वाचला आणि उजळला. "अरे, पप्पनकलां बोलो ना!" (हे तिथल्या मूळ गावाचं नाव, द्वारका हे बारसं सरकारने नंतर केलं.)

मग जे दिसलं ते मी आजही नीट सांगू शकत नाही. विमानाने उतरावं इतके रुंद रस्ते, आणि त्यांवर एक म्हैस. दिव्यांचे खांब होते, दिवे नव्हते. उंच इमारती होत्या, त्यांना खिडक्या नव्हत्या. सेक्टर सहा संपला की सात येईल अशी माझी कराडी समजूत. इथे एकदम दहा आला. डोक्यावरून विमानं इतकी खाली जात की मी दोनदा मान खाली घातली. रिक्षावाला म्हणाला, "घबराओ मत, सब नए लोग झुकते हैं."

श्रीकृष्णाची द्वारका पाण्यात बुडाली. या द्वारकेत पाणीच नव्हतं. सकाळी टँकर यायचा आणि बादल्यांचं महायुद्ध व्हायचं. माझ्या घरमालकीण खुराना आंटी त्यात सेनापती होत्या. त्यांचे यजमान पहाटेच कंपनीच्या बसने मानेसरच्या कारखान्यात जात, त्यामुळे घरातला सगळा आवाज आंटींच्या वाट्याला आला होता. मला दारात पाहून त्या म्हणाल्या, "हाय राम, इतनी सी? बॉम्बे में खाना नहीं मिलता?"

पहिल्या सकाळी त्यांनी विचारलं, पराठे किती? मी म्हटलं, एक. त्या मनापासून हसल्या आणि तीन वाढले. वर लोण्याचा गोळा. तो वितळून ताटात तळं झालं, तर तळ्यावर आणखी एक गोळा. महिन्याभराने मी कृतज्ञतेपोटी पिठलं केलं. आंटींनी चमचा फिरवून पाहिला आणि हळहळत म्हणाल्या, "कोई बात नहीं बेटा, कढ़ी सूख जाती है कभी कभी."

आता शाळा. नाव सांगत नाही. नावात 'इंटरनॅशनल' होतं आणि फाटकासमोर बाजरीचं शेत होतं. चौथीच्या वर्गाच्या मुख्य शिक्षिका भटनागर मॅडम. कडक इस्त्रीची साडी, हातात खडू. मी विचारलं, माझं नेमकं काम काय? त्या म्हणाल्या, "आप बस घूमिए."

"घूमिए?"

"बच्चों के बीच. ताकि वे आपसे इंग्लिश में बात करें."

तर मी घूमत असे. बाकांच्या रांगांतून, हात मागे बांधून, फौजदारासारखी. आणि मुलं बोलत नसत. 'व्हॉट इज युवर नेम?' विचारलं की सगळा वर्ग एका सुरात 'येस मॅम.' 'व्हॉट डिड यू ईट?' 'येस मॅम.' माझी पाठ वळली की हिंदीतून दंगल. मी वळले की चाळीस संत. मला काळ, प्रयोग, शब्दयोगी अव्ययं सगळं तोंडपाठ होतं, पण गप्प बसलेल्या पोरांना बोलतं करायचं अव्यय कुठल्याच व्याकरणात नव्हतं. एकदाच एका पोरीने, मेहक तिचं नाव, आपणहून तोंड उघडलं आणि विचारलं ते हिंदीत: "मैम, आपके घर के बगल में कौन सा हीरो रहता है?" मुख्याध्यापिकाबाईंनी पालकांना सांगून ठेवलं होतं, आपली साहाय्यिका खास बॉम्बेची आहे. माझ्या घराच्या शेजारी पिठाची गिरणी होती. मी गूढ हसले.

नवरात्र आलं तेव्हा भटनागर मॅडम म्हणाल्या, "दशहरे के बाद कमेटी से कर्नल साहब आएँगे. आपकी क्लास देखेंगे. फिर तय होगा."

काय तय होणार ते मला विचारावं लागलं नाही. झेरॉक्सच्या यंत्राचा हिरवा उजेड डोळ्यांपुढून सरकून गेला.

कर्नलसाहेब आमच्याच सोसायटीचे सेक्रेटरी. तळमजल्यावर एकटे राहत. पांढऱ्या मिशा, सरळ पाठ. रोज संध्याकाळी हातात बादली घेऊन कुठेतरी जाताना दिसत. द्वारकेत प्रत्येकजणच बादली घेऊन कुठेतरी जात असे, म्हणून मी कधी मान वळवून पाहिलं नाही. पाहायला हवं होतं.

दसऱ्याची सकाळ. आंटींचा घटाचा पसारा आवरला होता, कुट्टूच्या (उपासाच्या एका काळपट पिठाच्या) पुऱ्या संपल्या होत्या, आणि पलीकडच्या मैदानात रावण उभा राहिला होता. त्याचं एक डोकं वाऱ्याने वाकडं झालं होतं. मला मात्र रावणाचं काही सुचेना. मला आपट्याची पानं हवी होती. दसरा आहे आणि हातात सोनं नाही, ही कल्पनाच सहन होईना. आमच्याकडे त्या दिवशी भांडलेली माणसंसुद्धा पान देऊन मोकळी होतात. आणि मला तर कमिटीपुढे उभं राहायचं होतं!

खाली उतरले आणि थबकले. कुंपणाच्या कडेने विटांच्या गोल कठड्यांत एक रांग रोपं. पानं दोन पाकळ्यांची, मधे दुमडलेली, थेट आपली ओळखीची. देवाने माझ्यासाठी दिल्लीत आपटा लावला होता! मी 'सीमोल्लंघन' असं मोठ्याने म्हटलं आणि ओढणी पसरून सोनं लुटलं. दोन रोपं पूर्ण केली आणि तिसऱ्याला अर्ध्यात सोडलं, कारण ओढणी भरली.

मग दारोदार. फाटकावरच्या चौकीदाराला पान दिलं. "सोना लो, सोने जैसे रहो." त्याने ते दोन्ही हातांनी घेतलं, कपाळाला लावलं आणि तोंडात टाकलं.

"अरे, खाना नहीं है!"

"प्रसाद है ना?" तो चावत म्हणाला. गिळताना त्याचा चेहरा बघवत नव्हता, पण भक्ती ढळली नाही.

आंटींनी तेच केलं. वरच्या मजल्यावरच्या मेहकच्या बाबांनी तेच केलं. सणाच्या दिवशी कुणी हातावर पान ठेवलं तर दिल्लीत ते पोटातच जातं, हे मला कोण सांगणार? मी प्रत्येक दारात ओरडत होते, 'खाना नहीं, रखना है!' आणि माझं वाक्य पूर्ण होण्याआधी सोनं गडप. मेहकची आई म्हणाली, "बॉम्बे का प्रसाद थोड़ा कड़वा होता है, नहीं?"

शेवटचं दार कर्नलसाहेबांचं. खास त्यांच्यासाठी सगळ्यात मोठं पान राखून ठेवलं होतं. त्यांनी घेतलं. कपाळाला लावलं नाही, तोंडातही टाकलं नाही. उजेडाकडे धरून पाहिलं.

"यह कहाँ से मिला?"

"आपके ही गार्डन से, सर!" मी अभिमानाने कुंपणाकडे बोट दाखवलं. "आज के दिन हम लोग सोना लूटते हैं."

कर्नलसाहेबांनी माझ्या बोटाच्या दिशेने पाहिलं. मीही पाहिलं. विटांच्या कठड्यांत दोन काड्या उभ्या होत्या. पलीकडे ती रोजची बादली पालथी होती. टँकरच्या पाण्यातलं, अंघोळीतून वाचवलेलं पाणी घालून वाढवलेल्या काड्या.

"लूटते हैं," ते सावकाश म्हणाले. "जी हाँ. दिख रहा है."

आणि दार लावून घेतलं. आपटलं नाही, नुसतं लावलं. आपटलं असतं तर मला जेवण गेलं असतं.

संध्याकाळी रावण जळाला. सगळे टाळ्या वाजवत होते. मला त्याच्याबद्दल प्रथमच सहानुभूती वाटली. आंटी मला कोपराने ढोसत म्हणाल्या, "कर्नल गुस्से में है. उन पौधों से बात करता है वो, पता है? हमसे नहीं करता." मी मनातल्या मनात ट्रंकेत कपडे भरायला घेतले.

सुट्टीनंतरच्या पहिल्या तासाला कर्नलसाहेब वर्गात आले आणि शेवटच्या बाकावर बसले. बाक चौथीचा, त्यामुळे गुडघे हनुवटीला. भटनागर मॅडम खिडकीशी. मी प्राणिसंग्रहालयाचा तक्ता टांगला आणि म्हटलं, "लुक ॲट धिस पिक्चर."

मेहकने हात वर केला. "मॅम, व्हाय यू किल अंकल्स ट्री?"

"नॉट किल!" दुसरा उठला. "ओन्ली लीव्ज शी टुक."

"लीव्ज मेक्स द फूड! सायन्समध्ये आहे" (हे अर्थात हिंदीत). "नाऊ ट्री इज हंग्री!"

"माय पापा ईट वन लीफ. ही इज व्हॉमिट."

"नो व्हॉमिट! ओन्ली फेस लाइक व्हॉमिट!"

"मॅम इज फ्रॉम बॉम्बे. इन बॉम्बे नो ट्री. ओन्ली सी. शी नॉट नो."

एव्हाना अर्धा वर्ग बाकांवर उभा होता. कुणी माझा वकील, कुणी झाडाचा. क्रियापदं पाय तुटल्यासारखी लंगडत होती आणि मला एकही दुरुस्त करायचं सुचलं नाही. तो बचावाचा मुद्दा मात्र मला लागला. झाडं न ओळखणारी? मी? कृष्णाकाठची?

"आय ॲम नॉट फ्रॉम बॉम्बे," मी म्हणाले. खिडकीशी भटनागर मॅडमचा खडू पडला. "आय ॲम फ्रॉम कराड."

"व्हॉट इज कराड?"

मग मी फळ्याकडे वळले. समोरासमोरून धावत येऊन गळामिठी घालणाऱ्या दोन नद्या काढल्या, घाट काढला, पिठाची गिरणी काढली. दसऱ्याला आम्ही पान देतो आणि भांडण मिटवतो, हे सांगितलं. एकाने विचारलं, "इफ फाइट इज व्हेरी बिग?" मी म्हटलं, "बिगर लीफ." मेहक मागे वळली आणि सगळ्यांच्या देखत म्हणाली, "अंकल, शी गिव्ह यू बिग लीफ?"

कर्नलसाहेब गुडघ्यांतून वर आले. खिशातून ते पान काढलं. वाळून त्याची कड वळली होती. "बिगेस्ट," ते म्हणाले.

मग माझ्याकडे पाहून हिंदीत: "इस क्लास में मैं पहले भी बैठा हूँ. 'येस मैम' के अलावा आज पहली बार कुछ सुना है." मिशीला हात. "लेकिन जुर्म जुर्म है. सज़ा यह कि नए पत्ते आने तक पानी आप डालेंगी. रोज."

"सर, पण मी दिवाळीनंतर…" घाईत मराठीच बाहेर पडलं. "दिवाली के बाद मैं शायद यहाँ ना रहूँ."

"मैडम, कचनार है. पत्ते दिवाली में नहीं आते. पहले फूल आएँगे, फिर पत्ते. अप्रैल तक आप कहीं नहीं जा सकतीं."

कचनार! म्हणजे आपला कांचन, तो आपटाही नव्हता. अख्ख्या सोसायटीला मी खोटं सोनं खाऊ घातलं होतं. या धक्क्यात वाक्याचा उरलेला अर्थ माझ्या डोक्यात शिरलाच नाही. भटनागर मॅडमनी खडू उचलला आणि माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, "मुबारक हो. अब अप्रैल तक घूमिए."

मी रोज पाणी घातलं. आंटी बादलीच्या लढाईत माझ्यासाठी एक बादली जास्त लढू लागल्या. हिवाळाभर काड्या काड्याच राहिल्या, कर्नलसाहेब रोज शेजारी उभे राहून हुकूम सोडत, "धीरे. जड़ में. नहलाना नहीं है." फाल्गुनात काड्यांवर जांभळी फुलं आली. पानं आली तेव्हा मला निरोप कुणी दिला नाही आणि मीही विषय काढला नाही.

पुढच्या दसऱ्याला रजा घेऊन कराडला गेले. बाबा फलाटावर होते. झेरॉक्सबद्दल काही बोलले नाहीत, ट्रंक मात्र स्वतः उचलली. संध्याकाळी अंगणात सगळी आळी जमली. शेजारच्या शिंदेकाकू आल्या, माझ्या हातावर पान ठेवलं. "सोनं घे गं, सोन्यासारखी राहा."

मी पान दोन्ही हातांनी घेतलं, कपाळाला लावलं आणि तोंडात टाकलं.

काकूंचा हात तसाच पुढे राहिला. आईने पदर तोंडाला लावला. मी चावत होते आणि सगळ्यांकडे बघत होते, हे लोक का खात नाहीत म्हणून. अखेर बाबा म्हणाले, "दिल्लीत जेवायला घालत नाहीत वाटतं."

परदेश नेमका कुठे सुरू होतो आणि घर कुठे संपतं, हे मला त्या क्षणापासून नीटसं सांगता आलेलं नाही. एवढं मात्र खात्रीने सांगते: आपट्याचं पान तुरट लागतं. आमच्या आळीत हे मला एकटीलाच माहीत आहे.