सोफ्याच्या पाठीच्या कळ्या

मी सगळ्यात जास्त ऋणी आहे तो माझ्या थोरल्या बहिणीचा, आमच्या अक्काचा. सातवीनंतर तिची शाळा सुटली, ती शिवणयंत्रावर बसली, आणि तिच्या शिवणावर मी पदवीपर्यंत शिकलो. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच.

विद्यापीठाच्या नामांतराची बातमी आली त्या हिवाळ्यात मी परभणीत फर्निचरच्या एका कारखान्यात लागलो. संगणकाचा सहा महिन्यांचा कोर्स झालेला, तेवढ्यावर मालकांनी नव्या आणलेल्या संगणकावर महिनाभर अजमावायला ठेवून घेतलं होतं. एका मांडववाल्याला लग्नाच्या स्टेजवरचा सोफा हवा होता. पाठ शिंपल्यासारखी गोल, वर लाल मखमल. मालक म्हणाले, "हा जमला तर तुमी राहिले. न्हाई जमला तर मशीनबी परत अन् तुमीबी."

संगणकावर पाठीच्या कडेच्या वाकड्या रेषा काढून मी त्यांच्यामध्ये रेषांची जाळी ताणली. काळ्या पडद्यावर हिरवी, फुगीर पाठ उभी राहिली. मी ती दिवसभर फिरवून फिरवून पाहिली. मग समोरून दिसणारा आकार कागदावर उतरवला आणि तोच साचा म्हणून दिला.

गादीकाम करणाऱ्या चाचांनी मखमलीआधी मांजरपाट कापून बघितला. मधे कापड ताणलं, कडेला चुण्या पडल्या. दुसऱ्यांदा मी माप वाढवून दिलं, तर सगळीकडे झोळ.

"बाबू, मशीनमंदी लय देखणा हाय," चाचा म्हणाले. "पण नवरीला मशीनमंदीच बसवायचं हाय का?"

सगळे हसले. मीही हसलो, पण जेवण गेलं नाही.

रविवारी एसटीनं बोरीला गेलो. अक्काचं सासर तिथं. ती एक ब्लाऊज उसवत बसली होती. मी प्रिंट पुढे केला.

"एवढी गोल पाठ, अन् एकच तुकडा? येड्या, ब्लाऊज तरी एका तुकड्यात बसतो का अंगावर?"

तिनं अंगणातलं घमेलं पालथं घातलं आणि त्यावर वर्तमानपत्राचा कागद दाबला. तो चुरगळला. मग तिनं कागदाच्या सहा कळ्या कापल्या, वर निमुळत्या, खाली रुंद, आणि शेजारी शेजारी लावल्या. घमेल्यावर कागद नीट बसला.

"सपाट कपड्याला गोल यायचं तर जोड द्यावाच लागतो. जोड दिसू न्हाई म्हून वरून पायपिंग लाव."

"हे कुठं शिकलीस गं?"

"लोकायच्या पाठी मोजू मोजू."

सोमवारी मी पडद्यावरची पाठ उभी चिरली. सात कळ्या झाल्या. प्रत्येक कळी आता एकाच बाजूला वाकत होती, म्हणून ती उलगडून सपाट मांडता येत होती. लांबी मी समोरून न घेता वाकावरून मोजली. चाचांनी मांजरपाट चढवला, हातानं थोपटला, मागे सरून पाहिला आणि म्हणाले, "बसला. आणा मखमल."

मालकांनी चार माणसं बोलावून आणली. "बघा, मशीन काय करते!" मी मान हलवली. तिसऱ्या दिवशी हे पत्र टाकलं:

"अक्का, नमस्कार करतो.

सोफा काल गेला. मला कायम ठेवलं. आपल्या माईला तूच कळव, तिला तुझ्या तोंडून ऐकायला आवडेल.

एक चूक केली. सगळे संगणकाला नावाजत होते आणि मी तुझं नाव घेतलं नाही. भीती वाटली, की बाईला विचारून आला म्हणून हसतील. आज मालकांना खरं सांगितलं. ते हसलेच. चाचा मात्र हसले नाहीत. ते म्हणाले, 'त्या बाईला एकडाव इकडं आणा.' मग मालकही तेच म्हणाले.

आता गोल खुर्च्यांचं काम आलंय. हात ठेवायची जागाही गोल आहे, तिथं कळ्या कशा पाडाव्या ते मला कळेना झालंय. दाजींना विचारून ये. नाही, विचारू नको, नुसतं सांग आणि ये. शनिवारी स्टँडवर थांबतो. तुझी कात्री आण, इथल्या सगळ्या बोथट आहेत."