काकूंचं पावडरपफ

मला झाडांतलं सगळं कळतं, असा माझा समज होता. समज कसला, माजच तो! म्हणून शेजारच्या काकू डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी मुंबईला लेकीकडे निघाल्या आणि "परसातल्या झाडाला पाणी घालशील का?" म्हणाल्या, तेव्हा मी त्यांचं पुढचं धड ऐकूनही घेतलं नाही.

झाड पावडरपफचं. लाजाळूच्या कुळातलं, पण चांगलं पुरुषभर वाढणारं झुडूप. फूल म्हणजे रेशमी तंतूंचा गोंडा. काकूंचे यजमान बोटीवर नोकरीला होते. शेवटच्या खेपेला कुठल्याशा बंदरातून त्यांनी ह्याच्या बिया कागदात बांधून आणल्या. "गुलाबी गोंडे येतात, बघच तू," म्हणाले आणि त्याच वर्षी गेले. काकूंनी बिया कढत पाण्यात घालून रात्रभर भिजवल्या, पेरल्या. एकच रुजली. रोप हातभर झाल्यावर कातळात पहारीने खड्डा करून घेतला, माती-शेणखत भरून लावलं. तीन वर्षं झाली तरी फूल नव्हतं. काकू रोज शेंडे तपासायच्या.

"दोन दिवसांआड एक कळशी, बस," त्या म्हणाल्या होत्या. "जास्ती नको गो बाय. खाली कातळ, पाण्याला जायला वाट नाही."

ऑफिसातून घरी येईपर्यंत मला दिवेलागण होते. पहिल्याच संध्याकाळी बघते तर सगळी पानं मिटलेली. अगो बाई, सुकलं की! दोन कळशा ओतल्या. दुसऱ्या दिवशी तेच. तीन ओतल्या. रविवारीसुद्धा मी संध्याकाळीच जायची, कारण उन्हात झाडाला पाणी घालू नये, हे लहानपणापासून डोक्यात बसलेलं. झाड दिवसा कसं दिसतं ते मी एकदाही पाहिलं नाही. पुढे पानं पिवळी पडून गळायला लागली, तशी मी खड्ड्यात पाइपच सोडून ठेवला.

काकूंचा दर आठवड्याला फोन. "कळी दिसते का गो?" मी म्हणायची, "झाड मस्त आहे, काकू."

शेवटी गणपतीपुळ्याच्या वाटेवरच्या एका नर्सरीत जाऊन विचारलं. तिथला माणूस हसायलाच लागला. "ताई, सुकत नाही ते. संध्याकाळी पानं मिटतं, सकाळी उघडतं. तुम्ही पाणी किती घालता?"

घरी येऊन झाड ओढलं तर आख्खं हातात आलं. मुळं कुजलेली, खड्ड्यातल्या चिखलाला घाण वास. आणि शेंड्याला, पानांआड, बारीक कळ्यांचा एक झुपका. एक कळी नखाने फोडली. आत गुलाबी तंतू होते.

तेव्हाच फोन करायचा होता. नाही केला. त्याच नर्सरीतून तेवढ्याच उंचीचं झाड आणलं, खड्ड्याला कडेने पाण्याला वाट काढली आणि लावून मोकळी झाले. काकूंची नजर अधू, त्यात नुकतं ऑपरेशन, त्यांना काय कळणार, असा हिशेब मी केला. हे लिहितानाही कानशिलं तापतात.

दोन महिन्यांनी काकू आल्या. काळा चष्मा लावून आधी परसात. पानं चाचपली आणि माझा हात धरून म्हणाल्या, "जगवलंस गो. लेकीने केलं नसतं एवढं केलंस." मी चहा टाकते म्हणून आत पळाले.

गेल्या थंडीत त्यांनी सकाळी सकाळी कुंपणावरून हाक मारली. झाडाला पहिला गोंडा आला होता. लालभडक. मला वाटलं, संपलं, आता विचारतील.

काकू चष्म्याशिवाय त्याच्याकडे बघत होत्या, डोळे भरलेले, आणि हसत होत्या. "ह्यांचं आपलं काहीतरीच! म्हणे गुलाबी! आता मला लख्ख दिसतं हो. जन्मभर ह्या माणसाला रंग म्हणून कळला नाही."

मी पण हसले. वर म्हणाले, "पुरुषांना कुठे रंग कळतात, काकू!"