सावनेरच्या आत्याबाईंकडे ओटी घ्यायला

खरं सांगते, सावनेरला जायचं मी ठरवलं ते जळफळाटातून. माझी धाकटी जाऊ वर्षा फोनवर सहज बोलून गेली, "ताई, मी येत्या रविवारी आत्याबाईंकडे जाऊन राहिली, श्रुतीसाठी ओटी घ्यायले." श्रुती तिची लेक. सातवा महिना, सगळं कसं सुरळीत. माझ्या केतकीला पाचवा, आणि आधी दोनदा हातचं गेलेलं. डॉक्टरांनी पलंगावरून उतरू नको म्हटल्यापासून ती नागपुरात, नंदनवनला माझ्याकडेच आहे. आत्याबाई म्हणजे आमच्या सासऱ्यांची बहीण. त्यांच्या तोंडचा शब्द फळतो असं आमच्याकडे सगळेच मानतात. मग तोही आधी वर्षालाच? "मीही येते," म्हटलं.

गाडी तिचीच. नवी कोरी, सीटवरचं प्लास्टिकसुद्धा काढलेलं नाही. सदरमध्ये तर्री पोहे खाल्ले. तुम्ही जाणार असाल तर पोट इथंच भरून निघा, पुढे अशी झणझणीत तर्री मिळेलच असं नाही. मानकापूर, कोराडी करत छिंदवाड्याचा रस्ता धरायचा. रस्ता उत्तम आहे, पण कोळशाचे ट्रक मागे लागले की काचा वर घ्याव्यात. एसटीही भरपूर आहेत, स्वस्त पडतात, आणि सावनेर स्टँडवरून गावात जायला शेअर ऑटो मिळतो. दोन्ही बाजूंनी कापूस फुटला होता. फोटो काढण्यासारखा होता, पण वर्षा डोहाळजेवणाच्या हॉलबद्दल बोलत होती आणि मी खिडकीकडे तोंड करून "हो का, हो का" करत होते.

आत्याबाईंचं घर साधं, स्लॅबचं. त्यांनी पाटवडीचा रस्सा आणि भाकरी पोटभर वाढली, मग आम्हाला पाटावर बसवलं. लेकी आल्या नाहीत तर आयांनी पदरात घ्यायचं, अशी पद्धत. ओटी भरली आधी वर्षाची. मी मोठी असून! "हिच्या पोरीचे दिवस पुढं गेले, म्हणून तिची पयले," आत्याबाई म्हणाल्या. मग माझ्या पदरात तांदूळ, नारळ, खण. "केतकीची कूस उजवो, बाळ-बाळंतीण सुखरूप राहो." नेमके हेच शब्द वर्षालाही मिळाले होते. मी मोजूनमापून ऐकलं होतं, माझ्या वाट्याला एक शब्द तरी जास्त यायला हवा होता असं वाटत होतं.

उठायला लागले तर त्यांनी हात धरला. "कुठं चालली वं? घेतलं तर द्या लागते." त्यांच्या घरचा हा नेम मला ठाऊक नव्हता. ओटी घेणाऱ्या बाईनं उंबरा ओलांडायच्या आत तिथल्याच दुसरीला आशीर्वाद द्यायचा, मोठ्यानं, नाव घेऊन.

वर्षानं लगेच हात जोडले. "केतकीचं बाळ माझ्या मांडीवर खेळो." तिचं काय, जिचं ताट भरलेलं तिला दुसऱ्याला वाढायला काय जातं! आता माझी पाळी. मी म्हटलं, "श्रुतीचं सगळं चांगलं होवो."

"हे तं पत्रिकेवर छापल्यावानी झालं," आत्याबाई म्हणाल्या. "पोरगी डोयासमोर आण नं. काय होवो? सांग."

"मनात नसलं तर?" माझ्या तोंडून निघूनच गेलं. वर्षा माझ्याकडे बघतच राहिली.

"तोंडानं म्हण. मन येते मांगून. काहून एवढी भेते?"

मी डोळे मिटले. "श्रुतीला कळा सोसवोत. बाळ पहिल्या श्वासाला खणखणीत रडो. तिला पान्हा फुटो. त्याच्या अंगाला बेसनाचा वास येवो, मुठीत तिचं बोट घट्ट धरलेलं असो." एकदा सुरू झालं ते थांबेना. आवाज फाटला. हे सगळं मी केतकीसाठी मनात लपवून ठेवलेलं होतं, आणि उघड्या तोंडानं दुसरीच्या लेकीला देऊन बसले. वर्षा रडत माझ्या पाया पडली. मला तिचा राग आला, आणि त्याच वेळी श्रुतीचं बाळ खरंच सुखरूप यावं असंही वाटलं. दोन्ही खरं होतं.

मग परतीला लागलो. सावनेरहून घेतलेल्या ताज्या शेंगा तशाच पिशवीत राहिल्या. मला स्वतःच्याच शब्दांचा हेवा वाटत होता. इतकं सुंदर श्रुतीला मिळालं, आणि माझ्या लेकीला? आमच्या घरात गेले पाच महिने "बाळ" हा शब्दच कोणी काढत नाही. नजर लागेल, पुन्हा तेच होईल, या भीतीनं आम्ही "तब्येत" म्हणतो. तब्येत बरी आहे ना, तब्येतीला जप. माझी पोर बिचारी तब्येत घेऊन पडून आहे.

घरी आले तर केतकी जागीच होती. खण तिच्या पोटावर ठेवला. "आत्याआजी काय म्हणाल्या?" तिनं विचारलं.

"त्यांचं राहू दे. मी म्हणते, ऐक." "तुझं बाळ खणखणीत रडो. तुझं बोट धरो. मला रात्रभर जागवो." पुढचं काय होईल ते मला माहीत नाही, आत्याबाईंनाही नसेल. तरी म्हटलं.

केतकीनं खण उचलून उशाशी ठेवला. मग पहिल्यांदाच पोटावर हात ठेवून म्हणाली, "आई, मुलगी झाली तर नाव काय ठेवायचं?"